परवाना कलेक्टरचा, गेट कारखान्याचे



"बंदूक माझी, परवाना सरकारचा आणि कारखाना आपणा सर्वांचा. मग मला गेटवर अडवणारा वॉचमन कोण?" असा सवाल गळीत हंगामात केव्हा ना केव्हा निघतोच. कधी तो वस्तीवरून थेट वजनकाट्यावर आलेला सभासद विचारतो, तर कधी रात्री बाराच्या पाळीला उसातल्या वाटेने येणारा कामगार. सवाल रागाच्या भरात विचारला म्हणून तो खोटा ठरत नाही. 'नियम आहे, मागे फिरा' एवढे सांगून त्याची बोळवण करणे आम्हांस बरे वाटत नाही. ज्याने शेअर घेतला आहे त्याला नियम कळला पाहिजे, आणि पटलाही पाहिजे. म्हणून या अंकात या विषयाची जरा सविस्तर चर्चा करीत आहोत.

बंदूक घरात आली कशी?

हौसेखातर बंदूक बाळगणारे थोडे. शेतकऱ्याच्या घरात ती बहुधा गरजेपोटी येते. ऊस हे वर्षभर, आणि आडसाली असला तर दीड वर्ष उभे राहणारे पीक. आत ना माणसाची वर्दळ, ना उजेड. पाटाचे पाणी जवळ, वस्तीवरच्या शेळ्या-कुत्री जवळ. त्यामुळे जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले या भागांत बिबट्याने उसालाच जंगल मानले, पिले तिथेच घातली, आणि तोडणी सुरू झाली की टोळीच्या कोयत्यापुढे बछडी निघू लागली. रानडुकरांचे तर सांगायलाच नको. एका रात्रीत सऱ्याच्या सऱ्या लोळवतात. त्यात शेतीपंपाची वीज रात्रीची. मध्यरात्री मोटर चालू करायला निघालेला माणूस 'हातात काहीतरी हवं' म्हणाला तर त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. त्याच्या जागी उभे राहणे तेवढे सोपे नाही.

परंतु एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगितली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. बंदुकीचा परवाना असला तरी त्याला मारण्याची मोकळीक त्यातून मिळत नाही. जनावर प्रत्यक्ष अंगावर आले आणि जीव वाचवण्यासाठी इलाज उरला नाही, तर गोष्ट वेगळी, तेवढी सोय कायद्यानेच ठेवली आहे. रानडुकरालाही वनखात्याच्या परवानगीवाचून मारता येत नाही. म्हणजे बंदुकीचा आधार मनाला जितका वाटतो, तितका तो रानातही कायद्याने वापरता येत नाही. मग कारखान्याच्या आवारात तो कशासाठी, हा पुढचा प्रश्न.

परवाना म्हणजे नेमके काय?

हत्यारांचा कायदा इंग्रज सरकारने १८७८ साली केला. परवान्यावाचून हत्यार जवळ ठेवणे गुन्हा ठरले. ही गोष्ट देशातल्या स्वाभिमानी माणसांना फार लागली. १९२७ साली नागपुरात जनरल मंचरशा आवारी यांनी या कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांत मिठावरचा कर काढा, जमीन महसूल निम्मा करा, या मागण्यांच्या बरोबरीने स्वसंरक्षणासाठी हत्यारांचे परवाने द्या, हीही मागणी होती. अहिंसेचा एवढा पुरस्कर्ता माणूस हे मागतो याचे पुष्कळांना नवल वाटते. पण त्या मागणीला एक अट त्यांनी स्वतःच जोडली होती. परवान्यांवर नियंत्रण लोकांचे असावे. सरकारने माणसाला दुबळे करू नये, आणि माणसाने हत्याराच्या जोरावर शेजाऱ्याला दुबळे करू नये, असे दोन्ही बाजूंचे भान त्या एका ओळीत आम्हांस दिसते.

स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या १३ व्या कलमात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे. खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद त्यात आहे. ठासणीच्या बंदुकीने भागत नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर बारा बोअरसारखी दुसरी बंदूकही देता येते. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन एका माणसाजवळ जास्तीत जास्त तीनऐवजी दोन हत्यारे, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी बंदूक न्यायची तर ती खोळीत, पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात असली पाहिजे. खांद्यावर मिरवत बाजारातून जाण्याची मुभा परवान्याने दिलेली नाही. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक सभा, शाळा-कॉलेजचे आवार ही ठिकाणे तर परवान्याच्या अटींतच वर्ज्य आहेत. आपापल्या परवान्याची पाठ एकदा उलटून वाचावी, ही विनंती.

आता मूळ मुद्दा. परवाना म्हणजे सरकारने घातलेली बंदी आपल्यापुरती उठवली, एवढाच त्याचा अर्थ. त्याने दुसऱ्या कुणावर आपल्याला हत्यारासह आत घेण्याची सक्ती होत नाही. मोटार चालवायचे लायसन खिशात आहे म्हणून कुणाच्याही अंगणात गाडी घालता येते का? तसेच हे आहे. कलेक्टरसाहेबांनी परवाना दिला, पण आवारात काय येऊ द्यायचे हे आवाराचा मालक ठरवतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. परवाना काढून घेण्याचा अधिकार कारखान्याला नाही. तो परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांचाच आहे. कामगाराच्या घरी परवान्याची बंदूक आहे एवढ्यावरून त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहण्याचे कारण नाही. मात्र मनाई असताना त्याने ती पाळीवर आणली, तर चौकशीत परवाना दाखवून सुटका होईल असे त्याने समजू नये. तिथे प्रश्न परवान्याचा नसतो, मनाई मोडल्याचा असतो.

"पण मी मालकच आहे ना!"

कामगाराला मालकाने मनाई केली हे समजते, पण सभासद तर स्वतःच मालक! त्याला कोण मनाई करणार? इथे सामाईक विहिरीचा दाखला पुरेसा आहे. विहिरीत आपला चार आणे हिस्सा असला म्हणजे आपल्या पाळीचे पाणी आपल्याला मिळते. पण चार आण्यांचा धनी म्हणून विहिरीत वाटेल ते टाकता येत नाही, कारण ते पाणी बाकीचे बारा आणेवालेही पितात. सहकारात प्रत्येक सभासदाला मत एक, मग शेअर कितीही असोत. त्या मतांतून संचालक मंडळ होते आणि मंडळ जो नियम करते तो आपणच आपल्याला घालून घेतलेला असतो. नियम नको असेल तर तो सभेत बदलावा. वॉचमनशी हुज्जत घालून नियम बदलत नाही, बिचाऱ्या वॉचमनची नोकरी तेवढी अवघड होते.

साखर कारखान्यातच एवढी काळजी का?

कारखान्याच्या मालकावर कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कायद्याने आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९८७ साली तसे स्वतंत्र कलम घातले गेले, आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेनेही हे कर्तव्य मालकावर कायम ठेवले आहे. 'आम्हाला काय ठाऊक त्याच्या पिशवीत काय होते' हे उत्तर अपघातानंतर चालत नाही.

त्यातून आपला कारखाना म्हणजे काही धान्याचे गोदाम नव्हे. यार्डात बगॅसचे डोंगर, पलीकडे गंधकाचे कोठार, आसवनी असेल तर अल्कोहोलच्या टाक्या, आणि साखरेची धूळ. साखर पेटते हे पुष्कळांना खरे वाटत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथे इम्पीरियल शुगर कंपनीच्या कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट झाला आणि १४ माणसे दगावली. तिथे ना बंदूक होती ना बॉम्ब. बंदिस्त पट्ट्यावरचे एक बेअरिंग तापले आणि बहुधा तेवढ्यानेच धूळ पेटली, असे चौकशीत निघाले. बगॅसच्या ढिगाजवळ आपण विडी ओढू देत नाही. मग तिथे भरलेली बंदूक कशी चालेल?

आणि आगीहून मोठा धोका माणसाच्या रागाचा. काट्यावर रांग लागते, नंबर मागे पडतो, ट्रॉली रात्रभर उभी राहते, ऊस वाळतो, वजन घटते. शेतकऱ्याचे डोके तापायला एवढे पुरे. शब्दाला शब्द लागतो. पण दोघांच्या हाती काही नसेल तर भांडण शिवीगाळीवर किंवा फार तर कॉलर धरण्यावर थांबते, आणि दुसऱ्या दिवशी दोघे एकाच टपरीवर चहा घेतात. एकाच्या खांद्यावर बंदूक असली की त्याच भांडणाचा शेवट काय होईल सांगता येत नाही. गेटबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात, त्यांची पोरे तिथेच खेळत असतात. सुटलेली गोळी कुणाची बाजू खरी होती हे विचारत नाही.

हा तंटा कोर्टात गेला तेव्हा

कामावर बंदूक आणि मालकाची मनाई, हा तंटा अमेरिकेत फार गाजला. तेथील घटनेनेच नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क दिलेला आहे, आपल्यासारखी नुसती परवान्याची मुभा नाही. तरीही मालकाने मनाई केली तर काय, हा प्रश्न तिथेही सुटलेला नव्हता.

ओक्लाहोमा राज्यात व्हॅलियंट नावाचे एक छोटे गाव आहे. तिथे वायरहायझर कंपनीची कागद गिरणी होती. २००२ साली कंपनीने आपल्या वाहनतळावर कुत्र्यांच्या साह्याने झडती घेतली. डझनभर कामगारांच्या गाड्यांत बंदुका सापडल्या. आवारात हत्यार नको असा कंपनीचा नियम होता. सर्वांना कामावरून काढण्यात आले. कामगार म्हणाले, बंदूक आम्ही गिरणीत आणली नाही. ती आमच्या गाडीत, कुलपात होती. लांबचा एकाकी रस्ता आहे, कामावरून सुटल्यावर कुणाला शिकारीला जायचे असते. कंपनी म्हणाली, वाहनतळही आमचाच. कामगार कोर्टात गेले आणि २००६ साली अपिलातही हरले.

दरम्यान २००४ साली तिथल्या विधिमंडळाने कायदाच केला की, कामगाराच्या कुलूपबंद गाडीतील बंदुकीला मालकाने मनाई करू नये. मोठमोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या. कामाच्या जागी सुरक्षितता ठेवणे हे आमचे कर्तव्य, मग हा कायदा त्याच्या आड येतो, असे त्यांचे म्हणणे. २००७ साली खालच्या कोर्टाने कंपन्यांचे ऐकले, तर २००९ च्या फेब्रुवारीत डेन्व्हरच्या अपील कोर्टाने तो निकाल फिरवून राज्याचा कायदा कायम केला. ऊस पिकवणाऱ्या फ्लोरिडा राज्यातही २००८ साली तसाच कायदा झाला. पण परवानाधारक कामगाराच्या गाडीपुरताच, आणि स्फोटके तयार करणाऱ्या कारखान्यांसारखी ठिकाणे त्यातून वगळून.

या सर्व भांडणात एक गोष्ट आमच्या नजरेस आली. जिथे बंदुकीला घटनेचे पाठबळ आहे, तिथेही हा तंटा वाहनतळापर्यंतच गेला. यंत्रापाशी, पाळीवर बंदूक हवी, असा त्या कामगारांचा दावाच नव्हता. त्यांचे म्हणणे साधे होते. घर ते गिरणी या वाटेवर आम्हाला ती लागते, मग गिरणीत असताना ती ठेवायची कुठे? प्रश्न रास्त होता, आणि आपल्याकडेही खरा प्रश्न तोच आहे.

मग ठेवायची कुठे?

आपल्याकडे गाडीत ठेवणे हा इलाज नाही. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सला किंवा मोटारसायकलच्या डिकीला कुलूप ते केवढे! रांगेत दहा तास उभ्या राहिलेल्या ट्रॉलीवरून बंदूक चोरीस गेली तर पोलीस पहिला जाब परवानाधारकालाच विचारतील.

'जरा वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवतो' असे पुष्कळजण म्हणतात. हे तर मुळीच करू नका. परवान्यावाचून दुसऱ्याचे हत्यार ताब्यात ठेवणे हा १९५९ च्या कायद्याने गुन्हा आहे. दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या वापरासाठी त्याच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने हत्यार नेता येते, तेवढाच अपवाद. केबिनमध्ये सांभाळायला देणे त्यात बसत नाही. आपण बंदूक देऊन काट्यावर जाल आणि त्या गरीब माणसाच्या नावाने गुन्हा नोंद होईल. कारखान्यानेही 'बंदुका ठेवण्याचे कपाट' करू असे म्हणून भागणार नाही, ते याच कारणाने.

म्हणून बंदूक घरीच ठेवावी. गोळ्या काढून, कुलपात, काडतुसे वेगळ्या जागी, आणि किल्ली पोरांच्या हाती लागणार नाही अशी. लांब मुक्कामाला जायचे असेल तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे रीतसर जमा करून पावती घ्यावी. शेतातून परस्पर कारखान्याकडे निघालात तर आधी घरी फेरी मारावी. फेरी पडते, पण तीच सुरक्षित आहे.

बंदूक खाली ठेवा म्हणणाऱ्याचे देणे

आता कारखान्याकडे वळतो. एखाद्याला हत्यार बाहेर ठेव म्हणून सांगितले की त्याच्या जिवाची काळजी काही अंशी आपल्यावर आली. नुसती पाटी लावून हात झटकता येणार नाहीत. आमच्या मते कोणत्याही कारखान्याने एवढे तरी केले पाहिजे.

यार्ड, काटा आणि गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंतची वाट यांवर रात्रभर चांगला उजेड हवा. रात्री बाराच्या पाळीला आडवाटेने येणाऱ्या कामगारांना एकत्र येता येईल अशी सोय हवी, किंवा ज्या गटात बिबट्याचा वावर आहे तिथल्यांना पाळी बदलून मिळावी. बिबट्या दिसल्याची खबर शेतकी ऑफिसकडे आली की ती चिटबॉयमार्फत त्याच दिवशी टोळ्यांपर्यंत आणि वस्त्यांपर्यंत जावी. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आणि पोलिसांचा ११२ हे गेटवर व प्रत्येक गट ऑफिसात ठळक लिहिलेले असावेत. ट्रॉल्यांचे नंबर असे लावावेत की शेतकऱ्याला निष्कारण रात्र काढावी लागू नये. काट्यावरचा राग कमी झाला तर बंदुकीची आठवणही कमी होईल.

कारखान्याच्या स्वतःच्या रखवालदारांकडे बंदूक असेल तर ती कोणाच्या परवान्यावर आहे, रखवालदाराचे नाव त्यावर आहे की नाही, मुदत संपली आहे का, त्याला ती चालवण्याचे शिक्षण मिळाले आहे का, हे दर हंगामाच्या आधी तपासले पाहिजे. सभासदाला नियम सांगायचा आणि आपल्या घरचे कागद अपुरे ठेवायचे, हे शोभत नाही.

नियम सर्वांना एकच

शेवटचा मुद्दा थोडा नाजूक आहे, पण ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. गेटवर शेतकऱ्याची ठासणीची बंदूक अडवायची आणि बड्या माणसाच्या कमरेचे पिस्तूल सलाम करून आत सोडायचे, असे झाले तर तो नियम कुणी मानणार नाही, आणि मानूही नये. सरकारी कामावर असलेले पोलीस सोडले तर अध्यक्ष असोत, संचालक असोत, ठेकेदार असोत, अधिकारी असोत, नियम एकच असला पाहिजे. वार्षिक सर्वसाधारण सभेला तर विशेषच. जिथे हात वर करून मत द्यायचे, तिथे सर्वांचे हात मोकळे असावेत. समोरच्याजवळ काहीतरी आहे या धास्तीने एक जरी हात खाली राहिला, तरी त्या ठरावाला सभेचा ठराव म्हणता येणार नाही.

तीच गोष्ट आनंदाच्या प्रसंगाची. बॉयलर पेटवण्याचा समारंभ, पहिली मोळी टाकण्याचा मुहूर्त, निवडणुकीतला विजय, घरचे लग्न, यांत हवेत बार काढण्याची खोड काही ठिकाणी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा हलगर्जी बारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही शिक्षा ठेवली आहे. त्याहून अधिक म्हणजे वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. आपल्याकडे ढोल-ताशा आहे, हलगी आहे. आनंद त्याने पुरेसा होतो.

सभासदांनी या विषयावरील आपल्या सूचना गट ऑफिसात लेखी द्याव्यात. रात्रीच्या वाटेवर कोणत्या ठिकाणी उजेड नाही, कोणत्या शिवारात जनावर दिसले, कोणत्या वस्तीवरच्या कामगाराला पाळीची अडचण आहे, हे त्यात अवश्य लिहावे. बंदूक घरी ठेवा असे आम्ही आपणांस सांगतो आहोत. घरून निघाल्यावर आपणांस कशाची भीती वाटते हे आपण आम्हांस सांगावे, म्हणजे संचालक मंडळापुढे विषय मांडताना दोन्ही बाजू मांडता येतील.